रडारवर लालेलाल, मापकात शिंतोडे: घोळ नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

दर हंगामात हाच निरोप येतो, फक्त गावाचं नाव बदलतं. "भाऊ, तुमच्या रडारवर तं लालेलाल दिसून रायलं होतं, पन आमच्या वावरात शिंतोडे बी नाई." आणि झडीच्या दिवसांत बरोबर उलटं: "इथं नाल्याला पूर आला, अन् तुमच्या नकाशात नुसतं फिक्कट निळं." दोन्ही निरोप बहुतेक वेळा खरे असतात. मापक ठीक असतो आणि रडारही बिघडलेलं नसतं. तरी दोघांचं जुळत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या एक्स-बँड (तीन सेंटिमीटर तरंगलांबीच्या), दुहेरी ध्रुवीकरणाच्या रडारची माहिती बघतो. आसपासच्या गावांत साधे पर्जन्यमापक आहेत. त्यांचे आकडे शाळामास्तर, कृषी सहायक आणि काही शेतकरी पाठवतात. आकडे जुळले नाहीत की नवीन माणूस पहिला हात सूत्राला घालतो. झेड (परत आलेल्या लहरीचं माप) आणि पाऊस यांचं नातं बदलायचं, सूत्राच्या गुणकात 200 च्या जागी 300 टाकायचे, जुळवून मोकळं व्हायचं. माझ्या मते हे सगळ्यात शेवटी करायचं काम आहे, आणि दहातल्या नऊ वेळा त्याची गरजच पडत नाही. आधी घड्याळ आणि चित्र तपासा, मग रो-एचव्ही, मग फायडीपी, मग झेडडीआर (ही नावं पुढच्याच परिच्छेदात उलगडली आहेत). सूत्र त्यानंतर. हा क्रम का, ते पुढे ओघात येईलच.

नव्यांसाठी एक परिच्छेद, जुन्यांनी ओलांडून जावं. साधं रडार एकाच दिशेने कंप पावणारी लहर सोडतं आणि किती परत आली ते मोजतं. ते मोजमाप म्हणजे झेड. दुहेरी ध्रुवीकरणाचं रडार आडवी आणि उभी अशा दोन लहरी सोडतं आणि परत आलेल्या दोन्हींची तुलना करतं. ही तुलना उपयोगी पडते ती थेंबाच्या आकारामुळे. एक मिलिमीटरच्या आतला थेंब जवळजवळ गोल असतो. मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, भाकर थापायला घेतलेला उंडा परातीत किंचित दाबल्यावर जसा दिसतो तसा. म्हणून मोठ्या थेंबांकडून आडवी लहर जास्त परत येते, आणि हा फरक म्हणजे झेडडीआर. आडवी लहर अशा पावसातून जाताना उभीपेक्षा थोडी मागेही पडते. ती पिछाडी साठत साठत किती झाली ते फायडीपी, आणि दर किलोमीटरला किती वाढली ते केडीपी. दोन्ही लहरींचे प्रतिध्वनी एकमेकांशी किती मिळतेजुळते आहेत ते रो-एचव्ही. झेडडीआरने पाऊस मोजायची कल्पना सेलिगा आणि ब्रिंगी यांनी 1976 मध्ये मांडली. अमेरिकेने आपल्या जाळ्यातली रडारं या पद्धतीची केली ती 2011 ते 2013 च्या दरम्यान.

झेडवर एकट्यावर भरवसा का ठेवू नये, याला एवढंच गणित पुरे: झेड थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. चार मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या 4096 थेंबांइतका झेड देतो, पण त्यात पाणी असतं फक्त 64 थेंबांचं. लाल रंग म्हणजे भरपूर पाणी असं म्हणण्याआधी हा हिशोब आठवावा.

रडारला हात लावण्याआधी

पहिला प्रश्न: निरोप पाठवणाऱ्याने नेमकं कुठलं चित्र बघितलं? मोबाइलवर सगळ्यात जास्त फिरतं ते भारतीय हवामान विभागाच्या रडारचं मॅक्स-झेड. ते उभ्या स्तंभातलं सर्वांत मोठं मूल्य दाखवतं, मग ते मूल्य जमिनीपासून एक किलोमीटरवर असो की आठ. उन्हाळी ढगात वर गारा लटकलेल्या असतात आणि खाली वाराच वारा. चित्र लालच दिसणार. "रडार खोटं बोललं" अशा तक्रारींतला मोठा हिस्सा इथेच संपतो. पावसाची तुलना करायची तर सर्वांत खालच्या कोनाचा पीपीआय (अँटेना एकाच कोनावर गोल फिरवून काढलेलं चित्र) घ्या किंवा पृष्ठभागावरच्या पावसाचं चित्र, एसआरआय. मॅक्स-झेड ढगाची ताकद बघायला छान आहे, मापकाशी ताडायला नाही.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. रडारच्या फायली जागतिक वेळेत असतात, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. मापक वाचला जातो सकाळी साडेआठला आणि तो पाऊस त्याच तारखेच्या नावावर लिहिला जातो, जरी त्यातला बहुतेक आदल्या दिवशी संध्याकाळी पडलेला असला तरी. संगणकावर कुणी जागतिक तारखेप्रमाणे बेरीज केली की तो दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. म्हणजे साडेपाच ते साडेआठमधला पाऊस दोन वेगवेगळ्या दिवसांत जाऊन बसतो. पावसाळ्यात पहाटेची सर ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. एका दिवशी रडार जास्त, दुसऱ्या दिवशी तितकंच कमी, दोन्ही दिवस मिळून जुळतंय असं दिसलं की दुसरं काही शोधत बसू नका. मंडळात 65 मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, त्यामुळे या तीन तासांवरून गावात खरीखुरी भांडणं होतात.

तिसरा, मापक. हे लिहायला नको वाटतं पण लिहितो. नरसाळ्याच्या तोंडाशी साळुंकीने आणलेलं गवत, टिपिंग बकेटच्या (भरली की कलंडणाऱ्या छोट्या बकेटच्या) बिजागरीत कोळ्याचं जाळं, आणि पोळ्याच्या सुमारास मापकाच्या डोक्यावर आलेली तुरीची फांदी. बकेटवाल्या मापकात अडथळा असेल तर त्याची एक ठरलेली खूण असते: पाऊस थांबल्यावरही तासन् तास एकेक टिपका पडत राहतो, कारण पाणी नरसाळ्यात साचून हळूहळू झिरपतं. रडारवर आकाश कोरं आणि मापकात संथ, एकसारखा पाऊस दिसला तर आधी फोन करून कुणाला तरी नरसाळं बघायला सांगा.

आणि हे सगळं ठीक असलं तरी दोघं कधीच हुबेहूब जुळणार नाहीत. मापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटर. साठ किलोमीटरवर रडारच्या लहरींचा एक अंशाचा झोत जवळपास एक किलोमीटर रुंद होतो. दीडशे मीटर लांबीचं एक घर, म्हणजे रडारच्या चित्रातला सर्वांत लहान तुकडा, धरलं तर रडार मापकाच्या ऐंशी लाख पट क्षेत्राची सरासरी सांगतंय. शिवाय दोन किलोमीटर उंचीवरचा थेंब खाली यायला पाच मिनिटं घेतो, आणि सेकंदाला दहा मीटर वारा असेल तर तेवढ्यात तीन किलोमीटर सरकतो. म्हणून गावाच्या डोक्यावरचंच घर न बघता वाऱ्याच्या वरच्या अंगाचीही घरं बघा.

रो-एचव्ही: हा पाऊस आहे का, एवढंच विचारा

शुद्ध पावसात रो-एचव्ही 0.97 च्या वर असतो. बर्फ-पाणी एकत्र असेल तर तो 0.9 च्या आसपास किंवा खाली येतो. 0.8 च्या खाली गेला तर ते बहुधा हवामानच नव्हे.

आपल्याकडे "पावसाशिवाय पाऊस" दाखवणारे ठरलेले पाहुणे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तो वणवा पसरला की राखेचा लोट रडारवर चक्क सरीसारखा दिसतो. झेड वीस-पंचवीस डीबीझेडपर्यंत (डीबीझेड म्हणजे झेडचं लॉगरिदमी माप, दर दहाला झेड दहापट), वाऱ्याच्या दिशेने पसरलेला, आणि रो-एचव्ही पार कोसळलेला. दिवेलागणीनंतर रडारभोवती फुगणारं वर्तुळ किड्यांचं. त्यात झेडडीआर पावसाला न शोभेल इतका मोठा येतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंड, निरभ्र पहाटे जमिनीलगत उलटं तापमान असतं, झोत खाली वाकतो आणि एरवी न दिसणाऱ्या टेकड्या, औष्णिक केंद्रांच्या चिमण्या आणि मनोरे पडद्यावर येतात. ते जागचे हलत नाहीत. डॉप्लर वेग (रडारकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग) शून्य, रो-एचव्ही विस्कटलेला. सी-बँड रडार असेल तर एकाच दिशेला मध्यापासून कडेपर्यंत सरळ पट्टा दिसतो, तो कुणाच्या तरी पाच गिगाहर्ट्झच्या वायफायचा. सूर्योदय-सूर्यास्ताला तसाच पट्टा सूर्याचा येतो, पण तो पुसून टाकू नका, त्याचं काम पुढे आहे.

इथे एक सावधगिरी. रो-एचव्ही 0.9 च्या खाली ते सगळं पुसा, अशी एक ओळ जवळजवळ प्रत्येकाच्या प्रोग्राममध्ये असते. ती ओळ राखेबरोबर गाराही पुसते, आणि वितळणारा बर्फही. शिवाय संकेत क्षीण असेल, म्हणजे दूरच्या कडेची भुरभुर असेल, तिथे नुसत्या गोंगाटामुळे रो-एचव्ही पडतो आणि खरी सर गायब होते. मी सरसकट उंबरठा लावत नाही. झेड कमी आणि रो-एचव्ही कमी असेल तरच पुसतो, तेही संकेत गोंगाटाच्या पुरेसा वर असेल तिथेच. झेड 45 च्या वर आणि रो-एचव्ही 0.9 असेल तर ते घर पुसायचं नसतं, त्याच्याकडे वळून बघायचं असतं.

गारा: लाल रंग आहे, पण पाणी तेवढं नाही

फेब्रुवारी ते एप्रिलमधली अवकाळी म्हणजे या तक्रारीचा खरा हंगाम. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट इथला कुठलाच शेतकरी विसरलेला नाही. तेव्हापासून आभाळ दाटलं की रडारचं चित्र आधी संत्रा बागायतदारांच्या गटात फिरतं आणि मग माझ्याकडे येतं.

गणित बघा. 60 डीबीझेड हा आकडा 300 आणि 1.4 च्या नेहमीच्या सूत्रात (झेड म्हणजे पावसाच्या 1.4 घाताची 300 पट) टाकला तर ताशी सुमारे 328 मिलिमीटर पाऊस निघतो. ताशी 100 ला आपण ढगफुटी म्हणतो. अर्थातच हे खरं नसतं. गार मोठी असल्यामुळे झेड फुगलेला आहे. जुना उपाय म्हणजे 53 डीबीझेडवर छत घालायचं, त्याच्या वरचं सगळं 53 धरायचं. त्याने आकडा ताशी 104 वर अडकतो. अडकतो, पण बरोबर होतोच असं नाही.

आता त्याच घराचा केडीपी बघा. गार पडताना गिरक्या घेते, कोलांट्या मारते. तिचा आडवा-उभा फरक सरासरीत मरून जातो आणि केडीपीमध्ये ती जवळजवळ मोजलीच जात नाही. केडीपी तिच्यासोबत पडणाऱ्या चपट्या थेंबांचंच पाणी मोजतो. एस-बँडसाठी (दहा सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारसाठी) रूढ असलेलं एक सूत्र आहे: केडीपीचा 0.822 घात, गुणिले 44. केडीपी 1 अंश प्रति किलोमीटर असेल तर पाऊस ताशी 44 मिलिमीटर. म्हणजे त्याच ढगातून झेड 328 सांगतो, छत घातलेला झेड 104 आणि केडीपी 44. मापक बहुधा केडीपीच्या बाजूने साक्ष देतो. आमच्यासारख्या एक्स-बँडवाल्यांसाठी सूचना: त्याच पावसाला आपला केडीपी साधारण तिप्पट येतो, तेव्हा एस-बँडचा गुणक उचलून लावू नका. पुष्कळ वेळा "केडीपीसुद्धा जास्तच दाखवतो" या तक्रारीचं कारण दुसऱ्या बँडचं सूत्र एवढंच असतं.

गार आहे हे ओळखायचं कसं? पुस्तकी खूण अशी: झेड 55 च्या वर, झेडडीआर शून्याजवळ, रो-एचव्ही थोडा पडलेला. ढगाच्या वरच्या भागात ही खूण चोख लागते. जमिनीजवळ मात्र ती फसवते. आपल्याकडच्या मार्चच्या उन्हात खालची हवा तापलेली, लहान गार खाली येईपर्यंत वितळते आणि तिच्याभोवती पाण्याचं वेष्टन बसतं. रडारला ती अवाढव्य थेंबासारखी दिसते: झेडडीआर मोठा, केडीपीही मोठा. अशा वेळी "झेडडीआर तीन आला म्हणजे गारा नाहीत" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एकच कोन न बघता खालून वर चार-पाच कोन चढत जा. वर झेडडीआर शून्य, रो-एचव्ही घसरलेला, आणि खाली येता येता झेडडीआर वाढत गेलेला दिसला, तर ती वितळती गार.

आणखी एक खूण फार भरवशाची आहे. ढगाच्या पल्याड, रडारपासून दूरच्या बाजूला, क्षीण झेडची एक निमुळती शेपटी दिसते आणि तिच्यात रो-एचव्ही अगदी तळाला गेलेला असतो. लहर गारेवरून जमिनीवर, जमिनीवरून परत गारेवर आणि मग रडारकडे अशी फिरून येते, तिला वेळ जास्त लागतो, म्हणून रडार ती लांब अंतरावर मांडतं. त्या शेपटीखालच्या गावात पाऊस नसतो. "आमच्याकडे हिरवं होतं पण कोरडंच राहिलं" असं सांगणारी गावं कधी कधी नेमकी या शेपटीत असतात.

मोठ्या गारा यायच्या आधी ढगात वर काय दिसतं तेही सांगून ठेवतो, कारण ते बघायची सवय लागली की चित्र वेळेवर वाचता येतं. शून्य अंश तापमानाच्या पातळीच्या वर एरवी बर्फच असायला हवा आणि झेडडीआर लहान हवा. पण जोराने वर जाणाऱ्या हवेच्या झोताने थेंब तिथे उचलून नेले की मोठ्या झेडडीआरचा एक उभा खांब उभा राहतो. खांब जितका उंच, तितका झोत जोरकस. झेडच्या चित्रात हे कळत नाही.

मोठ्या सरीच्या मागचं गाव कोरडं का दिसतं

उलट्या तक्रारीचं, म्हणजे पूर आला पण नकाशात निळं, आमच्या रडारपुरतं पहिल्या क्रमांकाचं कारण क्षीणन आहे. लहर पावसातून जाताना विरत जाते. एस-बँडला, म्हणजे दहा सेंटिमीटर तरंगलांबीला, हे जवळजवळ माफ आहे. सी-बँडला जाणवतं. एक्स-बँडला, तीन सेंटिमीटरला, ते सगळं चित्र बदलून टाकतं.

समजा दहा किलोमीटर रुंदीची जोरदार सर आहे आणि तिच्यात केडीपी 4 अंश प्रति किलोमीटर. लहर जाते आणि येते, म्हणून फायडीपी 80 अंशांनी वाढेल. एक्स-बँडला फायडीपीच्या दर अंशामागे ढोबळमानाने पाव डेसिबलच्या वर संकेत खर्ची पडतो, 0.28 धरला तर सरीच्या पल्याड 22 डेसिबलची तूट. तिथे खरा 40 डीबीझेडचा, ताशी बारा मिलिमीटरचा पाऊस पडत असेल तर पडद्यावर दिसेल 18 डीबीझेड. सूत्रात टाकला तर ताशी मिलिमीटरचा एक तृतीयांश. त्याच सरीतून एस-बँडची तूट एक डेसिबलही नसते.

निदान सोपं आहे. त्या दिशेची एकच किरणरेषा घ्या आणि अंतरानुसार फायडीपी काढा. तो सपाट, मग सरीत चढता, मग वरच्या पातळीवर पुन्हा सपाट असा जिन्यासारखा दिसला आणि चढ तीस-चाळीस अंशांच्या वर असेल, तर मागच्या झेडवर विसंबू नका. दुसरी खूण झेडडीआर: आडवी लहर उभीपेक्षा जास्त विरते, त्यामुळे मागच्या साध्या रिमझिमीत झेडडीआर उणे एक, उणे दोन दिसतो. साध्या पावसाचा झेडडीआर उणे नसतो. उणे झेडडीआरची लांब पट्टी सरीच्या मागे रडारपासून बाहेरच्या दिशेने पसरलेली दिसली की क्षीणन ठरलेलंच.

दुरुस्ती फायडीपीतूनच होते: जितका चढ, तितके डेसिबल परत द्यायचे. पण तीन ठिकाणी ती फसते.

पहिलं म्हणजे सुरुवातीचा फायडीपी. यंत्राचा स्वतःचा एक आरंभीचा कोन असतो, शून्य नसतो. तो चुकीचा धरला तर पहिल्या किलोमीटरपासून सगळंच चुकतं. शिवाय फायडीपी कमाल मर्यादेपर्यंत पोचला की गुंडाळून खालून सुरू होतो. तो उलगडला नाही तर सरीच्या मध्यातच केडीपी भयानक उणा येतो. केडीपीच्या नकाशात सरीच्या गाभ्यात एखादं काळं भोक दिसलं तर आधी इथे बघा.

दुसरं, गारा. गार लहर खाते पण फायडीपी वाढवत नाही. म्हणजे गारपिटीच्या मागे दुरुस्ती नेहमी अपुरी पडते. एकच गुणक सगळ्या ऋतूंना चालवणारे इथे अडकतात.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. संकेत गोंगाटाच्या खाली गेला की परत द्यायला काही उरतच नाही. त्या जागी नकाशात कोरं दिसतं आणि बेरीज करणारा प्रोग्राम कोऱ्याला शून्य समजतो. "माहिती नाही" आणि "पाऊस नाही" यांना वेगवेगळे आकडे द्या. ज्या दिशेचा संकेत संपला तिथला त्या वेळेचा पाऊस मोजू नका, किंवा दुसऱ्या रडारकडून घ्या. आमच्या नकाशात आता अशा भागाला राखाडी रंग आहे. गावकऱ्यांना राखाडी रंग आवडत नाही, पण निळ्यापेक्षा तो खरा आहे.

केडीपीला मात्र या तुटीशी देणंघेणं नाही, कारण तो किती संकेत आला ते मोजत नाही, किती मागे पडला ते मोजतो. टेकडीने झोत अर्धा अडवला, रडारची शक्ती चुकीची मोजली गेली, घुमट (अँटेनावरचं आवरण) ओला झाला, तरी केडीपी बहुतांशी तसाच. मग सगळीकडे केडीपीच का नाही? कारण हलक्या पावसात तो गोंगाटात बुडतो. फायडीपीचे चढउतार गुळगुळीत करायला काही किलोमीटरची सरासरी घ्यावी लागते, आणि छोटी टोकदार सर त्यात पसरून जाते. मी साधारण 35 डीबीझेडच्या खाली झेड आणि त्याच्या वर केडीपी वापरतो, मध्ये दोन-तीन डेसिबलचा सांधा ठेवतो. झडीच्या दिवसांत, जेव्हा दिवसभर संततधार असते आणि थेंब बारीक असतात, तेव्हा केडीपीचा फारसा उपयोग नाही. तिथे झेड नीट मोजलेला असणं हाच उपाय.

दूरचा जिल्हा आणि पांढरं कडं

नागपूरच्या एस-बँड रडारवरून अकोल्याचा पाऊस मोजायचा प्रयत्न दरवर्षी कुणी ना कुणी करतोच. सर्वांत खालचा कोन अर्धा अंश धरा. पृथ्वीची वक्रता जमेस धरून यवतमाळवर, म्हणजे सुमारे 130 किलोमीटरवर, झोताचा मध्य दोन किलोमीटरच्या थोडा वर असतो. अकोल्यावर, 220 किलोमीटरच्या पुढे, तो पावणेपाच किलोमीटरच्या वर. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे अकोल्यावर रडार पाऊस बघतच नाही, वितळणारा बर्फ बघतं. वितळताना बर्फाच्या पाकळीवर पाणी चढतं, ती मोठ्या थेंबासारखी चकाकते, झेड वाढतो. त्या पट्ट्याच्या वर गेलं की झेड एकदम कमी. दोन्ही अवस्थांत खालच्या मापकाशी तुलना व्यर्थ. आणि बुलढाणा तर तीनशे किलोमीटरच्या पलीकडे.

जवळच्या रडारवर हाच थर वरच्या कोनांत गोल कड्यासारखा उमटतो. दोन अंशांच्या कोनाला तो शंभर किलोमीटरच्या थोडा पुढे येतो. झेडमध्ये कडं, त्याच जागी रो-एचव्हीमध्ये खळगा. हे दोन्ही जुळले की पाऊस वाढलेला नाही. अशा वेळी त्या कड्याच्या आतलीच घरं वापरा. पुढचं वापरायचंच असेल तर उभ्या रचनेची (उंचीनुसार झेड कसा बदलतो त्याची) दुरुस्ती करून, आणि शंका लिहून ठेवून.

मेळघाटाच्या बाजूला आणखी एक भानगड आहे. गाविलगडच्या रांगा, चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1118 मीटर. खालचा कोन काही दिशांना अडतोच. महिनाभराच्या बेरजेच्या नकाशात एखादी पाचर वर्षानुवर्षं कोरडी दिसत असेल तर ती हवामानाची करामत नव्हे, डोंगराची.

सगळंच एका बाजूला झुकलंय

काही वेळा एखादं गाव, एखादी दिशा असं नसतं. सगळ्या दिशांना, सगळ्या सरींत रडार सारखंच कमी दाखवतं. हे जोडणीचं म्हणजे कॅलिब्रेशनचं दुखणं. झेड तीन डेसिबलने कमी मोजला जात असेल तर पाऊस ताशी दहाचा सहा होतो.

खास रडारच्या डोक्यावर पाऊस पडत असतानाच असं होत असेल तर घुमटावर पाण्याचा पापुद्रा बसतोय. रडारशेजारचा मापक आणि सगळ्या दिशांच्या झेडची सरासरी एका कागदावर मांडा. मापक उडी मारतो तेव्हा झेड खाली बसतो. जुन्या, धुळकट घुमटावर पाणी पसरून राहतं. पाणी झटकणारा लेप उडाला असेल तर तो पुन्हा लावून घ्यावा.

झेडडीआरची जोडणी त्याहून नाजूक. झेडडीआरचं मूल्यच शून्य ते तीन-चार डेसिबल, आणि चूक 0.1 ते 0.2 च्या आत हवी. झेड आणि झेडडीआर मिळून पाऊस काढणाऱ्या सूत्रांत 0.2 ची चूकसुद्धा पाऊस पंधरा-वीस टक्क्यांनी हलवते. तपासणी मात्र सुंदर आहे: हलक्या, एकसारख्या पावसात अँटेना सरळ वर करायची आणि पूर्ण गोल फिरवायची. खालून बघितल्यावर प्रत्येक थेंब गोलच दिसतो, म्हणून सरासरी झेडडीआर शून्य यायलाच हवा. 0.4 आला तर 0.4 ही चूक, सगळ्या फायलींतून वजा करा. अँटेना सरळ वर जात नसेल तर मघाचा सूर्याचा पट्टा कामाला येतो. सूर्याच्या लहरींत आडवं-उभं काही नसतं, तेव्हा दोन्ही वाहिन्यांनी तो सारखाच दाखवायला हवा. सूर्य नेमका कुठे आहे हे पंचांगाइतकं पक्कं ठाऊक असल्याने अँटेनाची दिशा अर्ध्या अंशाने सरकली असेल तर तेही याच पट्ट्यात सापडतं. साठ किलोमीटरवर अर्धा अंश म्हणजे अर्धा किलोमीटर. एवढ्यात शेजारच्या गावाचा पाऊस आपल्या गावावर चढतो.

झेडची चूक शोधायला मी पावसाचाच वापर करतो. शुद्ध पावसात झेड, झेडडीआर आणि केडीपी एकमेकांशी बांधलेले असतात. मोजलेल्या झेड-झेडडीआरवरून फायडीपी किती चढायला हवा ते काढा आणि प्रत्यक्ष चढाशी ताडा. प्रत्येक सरीत अपेक्षित चढ कमी येत असेल तर झेड कमी मोजला जातोय. यात गारा, वितळता थर आणि ओला घुमट यांचे नमुने शिरू देऊ नका, नाहीतर एक चूक दुसरीत लपेल.

एवढं सगळं करून उरलेला फरक असेल तर मग सूत्राकडे या. इथल्या झडीचे थेंब आणि अवकाळीचे थेंब वेगळे, दोघांना एकच सूत्र लावायचा हट्ट नको. एका वादळावरून गुणक ठरवू नका.

मदत मागताना कृपया पडद्याचा फोटो पाठवू नका. रंग बघून केडीपी कळत नाही. त्या वेळेची पूर्ण फाइल, सगळ्या कोनांची. मापकाचा आकडा, तो किती वाजता वाचला ते, गावाचे अक्षांश-रेखांश, आणि गारा पडल्या का एवढं पाठवा. गार पडली असेल तर तिच्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, हरभरा-बोराच्या हिशोबाने आकार सांगितला की दोघांचाही गोंधळ होतो. आणि पाऊस सुरू कधी झाला, थांबला कधी, हे घड्याळ बघून लिहिलेलं असेल तर अर्धं काम तिथेच झालेलं असतं.